रेट लॉ प्रयोगातून कसा काढायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी पायरी-पायरीने

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मुंबईतल्या कॉलेजात सायन्सला आलेल्या मुलामुलींना केमिकल कायनेटिक्स (अभिक्रियेच्या वेगाचा अभ्यास) हा धडा दोनदा अडवतो. एकदा बारावीत, कारण सगळं एकदम इंग्रजीत येतं. आणि पुन्हा बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला, कारण बारावीत पाठ केलेल्या सूत्रांतलं काय आणि कधी वापरायचं, हे कुणी सांगितलेलंच नसतं. मी याच वाटेने आलो आणि आता ज्युनिअर मुलांना हा प्रयोग करून दाखवतो. दर वर्षी मुलं त्याच ठिकाणी अडकलेली दिसतात. हुशारी कमी असते म्हणून नव्हे. कुठल्या गोष्टीनंतर कुठली करायची, हा क्रम त्यांना कुणी नीट लावून दिलेला नसतो, म्हणून.

रेट लॉ म्हणजे अभिक्रियेचा दर पदार्थांच्या संहतीवर (द्रावणातल्या प्रमाणावर) कसा अवलंबून आहे ते सांगणारं सूत्र. या लेखात एकच अभिक्रिया धरून शेवटपर्यंत जाऊ: पोटॅशियम परसल्फेट आणि पोटॅशियम आयोडाइड. मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांच्या प्रॅक्टिकलमध्ये ही कुठल्या ना कुठल्या रूपात असतेच. साहित्य साधं आहे आणि निकाल डोळ्यांना दिसतो. शिवाय रेट लॉबद्दलचा सगळ्यात मोठा गैरसमज ही एकच अभिक्रिया मोडून काढते.

सुरुवातीआधी हाताशी काय हवं

रसायनं: पोटॅशियम आयोडाइड, पोटॅशियम परसल्फेट, सोडियम थायोसल्फेट (पाच पाण्याच्या रेणूंचं, म्हणजे नेहमीचं स्फटिकी), पोटॅशियम नायट्रेट, पोटॅशियम सल्फेट, विद्राव्य स्टार्च, डिस्टिल्ड वॉटर.

काचसामान: २५० मिलीचे सहा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क, ५० मिलीचे ब्युरेट (पाच मिळाले तर उत्तम, नाहीतर निदान तीन), १०० मिलीचे कोनिकल फ्लास्क, छोटे बीकर, २५ मिलीचं पिपेट.

बाकी: एक अंशापर्यंत नीट दाखवणारा थर्मामीटर, पाण्याचा मोठा टब, मोबाइलचं स्टॉपवॉच, पांढरा कागद, लेबलं, गॉगल आणि लॅब कोट.

कागदपत्रं: सर्टिफाइड जर्नल, प्रॅक्टिकलचं वेळापत्रक, आणि लॅब इन्चार्जची सही असलेली साहित्याची मागणी चिठ्ठी. प्रोजेक्टसाठी स्वतः रसायनं आणायची असतील तर कॉलेजच्या लेटरहेडवर विभागप्रमुखांचं पत्र घ्या, आणि पैसे परत मिळणार असतील तर दुकानातून जीएसटी बिल मागून घ्या.

खरेदीसाठी मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीट गाठायची, हे मुंबईत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं आहे. काचसामान आणि रसायनं दोन्ही त्या पट्ट्यात मिळतात. या प्रयोगाला एलआर ग्रेड (लॅबोरेटरी रिएजंट, नेहमीच्या वापराची) पुरेशी आहे. एआर ग्रेडवर (ॲनालिटिकल रिएजंट, जास्त शुद्ध) जास्त पैसे घालू नका. मात्र परसल्फेट हा जोरदार ऑक्सिडायझर आहे. तो पिशवीत टाकून लोकलने घरी नेऊ नका. धोकादायक माल सोबत नेण्याला रेल्वेची मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. शक्यतो कॉलेजच्या स्टोअरमार्फतच मागवा, म्हणजे माल थेट लॅबमध्ये येतो.

१. समीकरण लिहा, पण त्यातून ऑर्डर वाचू नका

संतुलित समीकरण शब्दांत असं आहे: एक परसल्फेट आयन आणि दोन आयोडाइड आयन मिळून दोन सल्फेट आयन आणि एक आयोडीन रेणू तयार होतो.

आता रेट लॉचा साचा लिहा:

दर = के × (परसल्फेटची संहती, घात म) × (आयोडाइडची संहती, घात न)

यात के म्हणजे दर स्थिरांक, आणि म व न या घातांना त्या त्या पदार्थाची ऑर्डर म्हणतात; दोन्हींची बेरीज म्हणजे एकूण ऑर्डर. इथेच बहुतेकांचा हात आपोआप चालतो. आयोडाइडच्या आधी २ आहे, म्हणून न = २, असं लिहून मोकळे होतात. हे चूक आहे. म आणि न हे आकडे समीकरणात नसतातच. ते प्रयोगातूनच मिळतात. या अभिक्रियेत आयोडाइडची ऑर्डर १ येते. तुमच्याच हातून पुढे ती येईल, तेव्हा पटेल.

मग समतोल स्थिरांक लिहिताना हेच गुणांक घात म्हणून कसे चालतात, असा प्रश्न चांगली मुलं विचारतात. तिथे चालतात, कारण समतोलाला सुरुवात आणि शेवट एवढंच माहीत असतं, वाट कुठली होती याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. दर मात्र वाटेवरच ठरतो. गर्दीच्या वेळी दादरला गाडीतून कितीही माणसं उतरली तरी बाहेर पडण्याचा वेग पुलाचा अरुंद जिना ठरवतो. तसंच इथे सगळ्यात सावकाश टप्पा दर ठरवतो. परसल्फेट आणि आयोडाइडमध्ये त्या सावकाश टप्प्यात एकच आयोडाइड आयन भाग घेतो. दुसरा नंतरच्या झटपट टप्प्यात येतो, म्हणून दराच्या हिशेबात तो दिसत नाही.

दुसरं उदाहरण व्हायवासाठी (तोंडी परीक्षेसाठी) लक्षात ठेवा. नायट्रोजन डायऑक्साइड आणि फ्लोरीनच्या अभिक्रियेत समीकरणात नायट्रोजन डायऑक्साइडचे दोन रेणू आहेत, पण दर दोन्हींच्या पहिल्या घातावरच अवलंबून असतो.

२. काय मोजायचं ते ठरवा

दर म्हणजे वेळेनुसार संहती किती बदलली. पण संहती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून संहतीबरोबर बदलणारं, मोजता येईल असं काहीतरी शोधावं लागतं: रंग, वायूचं आकारमान, आम्लाचं प्रमाण, विद्युतवाहकता, प्रकाशाचं वलन. १८५० मध्ये लुडविग विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने साखरेचं आम्लातलं विघटन पोलॅरिमीटरने (प्रकाशाचं वलन मोजणाऱ्या यंत्राने) मोजलं, आणि दर शिल्लक साखरेच्या प्रमाणात असतो हे दाखवलं. कायनेटिक्सची सुरुवात बहुतेक तिथूनच धरतात.

आपल्या अभिक्रियेत आयोडीन तयार होतं आणि स्टार्चबरोबर ते गडद निळं दिसतं. पण ते पहिल्या क्षणापासून थोडं थोडं तयार होत राहणार, मग घड्याळ थांबवायचं कधी? यावरची युक्ती सुंदर आहे. मिश्रणात थोडंसं, अगदी मोजून, थायोसल्फेट घालायचं. जे आयोडीन तयार होईल ते थायोसल्फेट लगेच खाऊन टाकतं आणि त्याचं परत आयोडाइड करतं. थायोसल्फेट संपलं की पुढच्या क्षणी द्रावण निळं होतं. म्हणजे निळा रंग येईपर्यंतच्या वेळात नेमकं किती परसल्फेट वापरलं गेलं, हे आपल्याला आधीच माहीत असतं. १८६० च्या दशकात ऑक्सफर्डला हारकोर्ट हा रसायनशास्त्रज्ञ आणि एसन हा गणितज्ञ यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडाइडवर काम करताना हीच कल्पना वापरली होती.

यात आणखी एक फायदा दडलेला आहे. थायोसल्फेट आयोडीनचं परत आयोडाइड करतं, त्यामुळे रंग येईपर्यंत आयोडाइडची संहती बदलतच नाही. परसल्फेटही अगदी थोडं खर्च होतं. म्हणून आपण जो दर काढतो तो खऱ्या अर्थाने सुरुवातीचा दर असतो, आणि त्यावरची आकडेमोड सोपी राहते.

३. द्रावणं तयार करा

प्रत्येकी २५० मिली द्रावणासाठी (मोलर म्हणजे एका लिटर द्रावणात किती मोल):

– पोटॅशियम आयोडाइड, ०.२ मोलर: ८.३० ग्रॅम
– पोटॅशियम परसल्फेट, ०.१ मोलर: ६.७६ ग्रॅम
– पोटॅशियम नायट्रेट, ०.२ मोलर: ५.०६ ग्रॅम
– पोटॅशियम सल्फेट, ०.१ मोलर: ४.३६ ग्रॅम
– सोडियम थायोसल्फेट, ०.००५ मोलर: यासाठी आधी ३.१० ग्रॅमचं २५० मिली द्रावण करा (ते ०.०५ मोलर होतं), मग त्यातलं २५ मिली पिपेटने घेऊन पुन्हा २५० मिलीपर्यंत पातळ करा. थेट ०.३१ ग्रॅम तोलायला गेलात तर तोलण्यातली चूक फार मोठी पडते.
– स्टार्च, १ टक्का: १ ग्रॅम स्टार्चची थोड्या थंड पाण्यात पेस्ट करा, उकळत्या १०० मिली पाण्यात ओता, गार होऊ द्या.

परसल्फेट सावकाश विरघळतं. फ्लास्क गरम करून घाई करू नका, उष्णतेने ते विघटित होतं. हलवत राहा. त्याच दिवशी करून त्याच दिवशी वापरा.

पावसाळ्यात, म्हणजे नेमकं सेमिस्टर सुरू होतं तेव्हा, मुंबईची हवा रसायनांची वाट लावते. आयोडाइडची बाटली उघडी राहिली की पावडर ओलसर आणि पिवळट होते. तो पिवळेपणा म्हणजे आधीच तयार झालेलं आयोडीन. परसल्फेटच्या दमट गुठळ्या झाल्या असतील तर ते अर्धवट विघटित झालेलं असू शकतं, त्यामुळे तोललेलं वजन फसवं ठरतं. बाटल्या डेसिकेटरमध्ये (आत हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवायला सांगा आणि तोलून झाल्या-झाल्या झाकण लावा. तराजूजवळचा पंखा बंद करा. स्टार्चचं द्रावण इथल्या उकाड्यात एक-दोन दिवसांत बिघडतं, म्हणून तेही ताजंच हवं.

पाण्याबाबत हट्टी राहा. नळाचं पाणी अजिबात नको. महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते आयोडाइड व थायोसल्फेट दोन्हींवर परिणाम करतं. त्याहून वाईट म्हणजे पाइप आणि नळातून येणारे तांब्या-लोखंडाचे अंश. हे धातू आयन या अभिक्रियेला उत्प्रेरक म्हणून पळवतात, आणि मग दर का वाढला हे शोधत अख्खी दुपार जाते. डिस्टिल्ड वॉटर संपलं तर डिमिनरलाइज्ड पाणी घ्या, नळाखाली फ्लास्क धरू नका.

४. तापमान लिहून ठेवा आणि ते हलू देऊ नका

पुस्तकात २५ अंश सेल्सिअस लिहिलेलं असतं. मुंबईतल्या लॅबमध्ये एसी नसेल तर वर्षातले बरेच महिने तिथे २८ ते ३२ अंश असतात. या अभिक्रियेचा दर दहा अंशांना साधारण दुप्पट होतो; म्हणजे २५ ऐवजी २८ अंश असतील तर दर वीस-पंचवीस टक्क्यांनी जास्त येणार. तुमचा के पुस्तकातल्या के शी जुळला नाही तर घाबरू नका आणि आकडे बदलू तर मुळीच नका. तापमान लिहिलेलं असेल तर तुमचा आकडा तुमच्या तापमानाला बरोबर आहे.

चूक होते ती वेगळीच. सकाळच्या बॅचला पहिले दोन प्रयोग होतात, मध्ये ब्रेक होतो आणि उरलेले दोन दुपारी. तेवढ्यात लॅब तीन अंशांनी तापलेली असते. मग संहती अर्धी केली तरी दर अर्ध्याहून जास्तच राहतो आणि ऑर्डर ०.७ वगैरे येते. उपाय साधा आहे. सगळ्या द्रावणांचे फ्लास्क पाण्याच्या एकाच मोठ्या टबात ठेवा, टबाचं तापमान दर प्रयोगाला नोंदवा, आणि चारही मिश्रणं सलग करा.

५. मिश्रणांचा तक्ता आखा

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा या पद्धतीचा पाया. एकूण आकारमान दर वेळी ५० मिली. थायोसल्फेट दर वेळी १० मिली. स्टार्चचे दर वेळी पाच थेंब.

मिश्रण १: आयोडाइड २० मिली, परसल्फेट २० मिली
मिश्रण २: आयोडाइड १० मिली, नायट्रेट १० मिली, परसल्फेट २० मिली
मिश्रण ३: आयोडाइड २० मिली, परसल्फेट १० मिली, सल्फेट १० मिली
मिश्रण ४: आयोडाइड ५ मिली, नायट्रेट १५ मिली, परसल्फेट २० मिली

कमी पडलेल्या दहा मिलीच्या जागी नुसतं पाणी का नाही घालायचं? हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि उत्तर माहीत नसल्याने अनेक जर्नलमधले आकडे बिघडतात. परसल्फेट आणि आयोडाइड दोन्ही ऋण भाराचे आयन आहेत, एकमेकांना दूर ढकलणारे. भोवती इतर आयन जितके जास्त, तितका हा दुरावा झाकला जातो आणि अभिक्रिया वेगाने होते. नुसतं पाणी घातलं की संहतीबरोबर द्रावणातले एकूण आयनही कमी होतात आणि खुद्द के च घसरतो. मग परसल्फेटची ऑर्डर १ ऐवजी सव्वा एकच्या आसपास येऊ शकते. आयोडाइडच्या जागी तितकंच नायट्रेट आणि परसल्फेटच्या जागी तितकंच सल्फेट घातलं की एकूण आयनांचं वातावरण तेच राहतं. तुमची ऑर्डर १.१५, १.२५ अशी वर सरकलेली येत असेल तर सगळ्यात आधी इथे बघा.

६. घड्याळ लावा

अ) एका कोनिकल फ्लास्कमध्ये आयोडाइड, थायोसल्फेट, स्टार्च आणि (असेल तर) नायट्रेट घ्या.
आ) छोट्या बीकरमध्ये परसल्फेट आणि (असेल तर) सल्फेट घ्या.
इ) दोन्ही टबाच्या पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा.
ई) फ्लास्क पांढऱ्या कागदावर ठेवून बीकर एका झटक्यात ओता आणि त्याच क्षणी स्टॉपवॉच सुरू करा. दोन-तीनदा फिरवून ठेवून द्या.
उ) निळा रंग चमकताच थांबवा.

रंग हळूहळू चढत नाही, एकदम येतो. पहिल्यांदा पाहताना तो बघण्यातच वेळ जातो, म्हणून एक सराव करून घ्या आणि ती नोंद धरू नका. ओतणारा आणि घड्याळ दाबणारा माणूस एकच असावा, आणि चारही मिश्रणांना तोच असावा. जोडीदारांची प्रतिक्रिया वेगवेगळी असते. प्रत्येक मिश्रण तीनदा करा. वरच्या मापांनी २५० मिली द्रावणं त्याला पुरतात.

ब्युरेटला लेबल लावा. आयोडाइडचं पिपेट परसल्फेटच्या बाटलीत गेलं की ती बाटली वाया गेली असं समजा, कारण अभिक्रिया तिथेच सुरू होते.

काही बिनसलं तर:

ओतल्या-ओतल्या निळं झालं: थायोसल्फेट घालायचं राहिलं, किंवा आयोडाइडचं द्रावण आधीच पिवळं होतं.

फारच उशीर, साधारण दहापट: थायोसल्फेट पातळ करायचं राहिलं, ०.०५ मोलरचंच घातलं गेलं.

निळ्याऐवजी मळकट तपकिरी किंवा जांभळट: स्टार्च जुना आहे.

रंग येतो, पण तीन वेळांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत: बहुतेक वेळा काच नीट धुतलेली नसते. आधीच्या मिश्रणाचे चार थेंब तळाशी राहिले तरी फरक पडतो.

७. आकडे मांडा

समजण्यासाठी ३० अंशांचे नमुन्याचे आकडे घेऊ: मिश्रण १ ला ३२ सेकंद, २ ला ६३, ३ ला ६५, ४ ला १२८.

पहिल्यांदा मिश्रणातल्या संहती काढा, बाटलीवरच्या नव्हे. ही चूक वारंवार होते. ०.२ मोलर आयोडाइडचे २० मिली ५० मिलीत गेले की ०.०८ मोलर. ०.१ मोलर परसल्फेटचे २० मिली गेले की ०.०४ मोलर. थायोसल्फेट ०.००१ मोलर.

दोन थायोसल्फेटला एक आयोडीन लागतं आणि एक आयोडीनला एक परसल्फेट. म्हणून रंग येईपर्यंत खर्च झालेलं परसल्फेट ०.००१ च्या निम्मं, म्हणजे ०.०००५ मोलर. दर = ०.०००५ भागिले सेकंद. मिश्रण १ चा दर ०.००००१५६ मोल प्रति लिटर प्रति सेकंद येतो.

हे निम्मं करायला विसरलात तरी ऑर्डर बरोबरच येते, कारण सगळेच दर सारख्याच पटीने चुकतात. के मात्र बरोबर दुप्पट येतो. म्हणून के वर्गातल्या सगळ्यांच्या दुप्पट आला की हिशेबात हाच २ शोधा.

आता आयोडाइडची ऑर्डर. मिश्रण १ आणि २ मध्ये फक्त आयोडाइड निम्मं झालं. दरांचं गुणोत्तर ६३ भागिले ३२, म्हणजे १.९७. त्याचा लॉग ०.२९४, २ चा लॉग ०.३०१. भागाकार ०.९८. म्हणजे ऑर्डर १.

मिश्रण १ आणि ३ वरून परसल्फेटची ऑर्डर: ६५ भागिले ३२ म्हणजे २.०३, लॉग ०.३०८, भागिले ०.३०१ म्हणजे १.०२. इथेही १. एकूण ऑर्डर २.

मिश्रण ४ ही तपासणी आहे. आयोडाइड पाव केलं तर वेळ चौपट व्हायला हवी, आणि ३२ ची १२८ झाली आहे. आयोडाइडची ऑर्डर खरंच २ असती तर वेळ सोळापट, पाचशेहून जास्त सेकंद लागली असती. समीकरणातला तो २ इथे निकालात निघतो, आणि तोही तुमच्या हातातल्या स्टॉपवॉचवर.

के प्रत्येक मिश्रणासाठी स्वतंत्र काढा. वरच्या आकड्यांवरून ०.००४८८, ०.००४९६, ०.००४८१, ०.००४८८ लिटर प्रति मोल प्रति सेकंद येतात. चारही के एकमेकांजवळ असणं हीच तुमचा रेट लॉ बरोबर असल्याची खूण. नुसती सरासरी लिहून चारही आकडे लपवू नका, परीक्षकाला तेच बघायचे असतात.

एकक पाठ करू नका. दराच्या एककाला संहतींच्या गुणाकाराच्या एककाने भागा, ते आपोआप येतं. पहिल्या ऑर्डरला प्रति सेकंद, शून्य ऑर्डरला मोल प्रति लिटर प्रति सेकंद. प्रश्नपत्रिकेत नुसतं के चं एकक देऊन ऑर्डर विचारतात, तेव्हाही हाच उलटा हिशेब.

८. अभिक्रिया सावकाश असेल तर आलेखाने

प्रत्येक अभिक्रियेत अशी घड्याळाची युक्ती लागू होत नाही. मिथाइल ॲसिटेटचं आम्लातलं विघटन घ्या. तेही प्रॅक्टिकलच्या यादीत असतं. इथे एकच मिश्रण करून ठराविक वेळाने त्यातला थोडा भाग काढायचा, बर्फाच्या पाण्यात ओतून अभिक्रिया जवळपास थांबवायची आणि अल्कलीने टायट्रेट करायचं. बर्फ आधीच आणून ठेवा.

मग तीन आलेख: संहती विरुद्ध वेळ सरळ रेषेत आला तर शून्य ऑर्डर, संहतीचा नैसर्गिक लॉग सरळ आला तर पहिली, एक भागिले संहती सरळ आली तर दुसरी. मिथाइल ॲसिटेटला लॉगचा सरळ येतो. पाणी अभिक्रियेत भाग घेतं, पण ते इतकं मुबलक असतं की त्याची संहती बदलल्याचं जाणवत नाही, म्हणून हिला स्यूडो फर्स्ट ऑर्डर म्हणतात.

इथला सापळा मी जरा सविस्तर सांगतो, कारण तो पुस्तकात ठळक लिहिलेला नसतो. प्रॅक्टिकलच्या वेळात अभिक्रिया वीस टक्केच पुढे गेली, तर तिन्ही आलेख जवळजवळ सरळच दिसतात. वक्राचा छोटा तुकडा नेहमी सरळच वाटतो. मग मुलं आलेखाकडे बघून ऑर्डर ठरवत नाहीत, आधीच माहीत असलेली ऑर्डर आलेखावर लादतात. खरं ठरवायचं असेल तर निदान दोन अर्धायुकाल (शिल्लक पदार्थ निम्मा व्हायला लागणारा वेळ) उलटेपर्यंत, म्हणजे तीन चतुर्थांश अभिक्रिया होईपर्यंत, वाचनं घ्यावी लागतात. ते शक्य नसेल तर निष्कर्षात स्पष्ट लिहा की इतक्या टक्क्यांपर्यंतची वाचनं पहिल्या ऑर्डरशी सुसंगत आहेत. असं लिहिल्याने गुण जात नाहीत, उलट परीक्षकाला कळतं की तुम्हाला समजलंय.

अभिक्रिया पूर्ण झाल्यावरचं शेवटचं वाचन टाळू नका. सगळे लॉग त्याच्या वजाबाकीवर उभे असतात. बूच घट्ट लावून मिश्रण दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवा, किंवा बूच लावूनच ५० ते ६० अंशांवर तापवून पूर्ण होऊ द्या. उघडं तापवलंत तर एस्टर उडून जातं.

९. जमलं तर तापमानही बदला

मिश्रण २ पुन्हा करा, पण बर्फ घालून २० अंशांवर आणि गरम पाणी घालून ४० अंशांवर. ओतण्याआधी दोन्ही भाग त्या तापमानाला आलेले असले पाहिजेत, नुसता टब नव्हे. नमुन्याचे आकडे: २० ला १२७ सेकंद, ३० ला ६३, ४० ला ३३. के चा नैसर्गिक लॉग विरुद्ध एक भागिले केल्विनमधलं तापमान असा आलेख काढा. अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये मांडलेल्या समीकरणाप्रमाणे त्याचा उतार म्हणजे उणे सक्रियण ऊर्जा (अभिक्रिया होण्यासाठी ओलांडावी लागणारी ऊर्जा) भागिले ८.३१४ (वायू स्थिरांक). वरच्या आकड्यांतून ती ५१ किलोज्यूल प्रति मोलच्या आसपास येते. सेल्सिअस तसंच ठेवून भागाकार केला तर उत्तर भलतंच येईल. २७३ मिळवायला विसरू नका.

१०. जर्नल, व्हायवा आणि आवराआवर

निष्कर्ष लिहिताना तापमान, रेट लॉ, एकूण ऑर्डर आणि एककासह के, एवढं एका वाक्यात यायला हवं. त्याखाली चारही मिश्रणांचे के.

व्हायवात हमखास विचारतात: ऑर्डर आणि मॉलिक्युलॅरिटीत फरक काय? ऑर्डर संपूर्ण अभिक्रियेची, प्रयोगातून काढलेली; ती शून्य किंवा अपूर्णांकही असू शकते. मॉलिक्युलॅरिटी एका प्राथमिक टप्प्याची, त्यात किती कण एकत्र येतात याची मोजदाद. ती नेहमी पूर्णांक. पुढचा प्रश्न असतो, रेट लॉवरून यंत्रणा (अभिक्रिया कुठल्या टप्प्यांतून जाते ते) सिद्ध होते का? नाही. चुकीची यंत्रणा त्याने बाद होते. उरलेल्यांतली कुठली खरी, याला आणखी पुरावा लागतो. हायड्रोजन आणि आयोडीनच्या वायू अभिक्रियेचा साधा रेट लॉ दोन रेणूंच्या थेट टकरीशी जुळतो म्हणून वर्षानुवर्षं तशीच शिकवली गेली, आणि नंतर आयोडीन अणूंमधून जाणारी यंत्रणाही त्याच रेट लॉला पोचते हे दिसलं.

शेवटी निळ्या द्रावणात थायोसल्फेटचे काही थेंब टाका, रंग गेला की भरपूर पाण्याबरोबर सिंकमध्ये सोडा. उरलेलं परसल्फेट कागद, कापूस किंवा सेंद्रिय द्रावकांच्या कचऱ्यात टाकू नका. ते लॅब असिस्टंटच्या ताब्यात द्या. ब्युरेट उभे धुऊन उलटे लावा, आणि सही घ्यायला जाताना कच्च्या वाचनांचा कागदही जर्नलला जोडून न्या.